दाजींना दाखवलेला माहितीपट

आमच्या दोन दुकानांच्या मधे प्लायवूडची एक भिंत आहे. भिंत म्हणायची आपली. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे माझ्या झेरॉक्स मशीनवरचे कागद हलतात. पलीकडे सलून. त्यामुळे देशोदेशीचे कितीतरी माहितीपट मी पुरते ऐकलेत. बघितला मात्र एकही नाही.

सलूनवाल्याला सगळे 'बघाच' म्हणायचे. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस ब्रशने झटकून झाले, अंगावरचं कापड काढलं, की तो त्याला एखादा माहितीपट सुचवायचा. गोष्ट थोडक्यात सांगायचा, अर्ध्यावर थांबायचा आणि म्हणायचा, "पुढचं नाही सांगत. बघाच!" लोक "हो हो, बघतो की" म्हणायचे आणि घरी जाऊन मालिका लावायचे. नाव मात्र पडलं ते पडलंच. मीही त्याला बघाचदादाच म्हणायचे.

हे वेड त्याला लावलं एका निवृत्त मास्तरांनी. ते मुलीकडे कायमचे राहायला निघाले तेव्हा शेवटची दाढी करायला आले आणि एक काळी हार्डडिस्क त्याच्या हातात ठेवून गेले. "मुलीच्या घरात माझीच जेमतेम सोय होणार आहे, यातल्या लोकांना कुठे ठेवू? तुझ्याकडे असू दे," म्हणाले. तोवर सलूनमधल्या टीव्हीवर गाणी नाहीतर मॅच असायची. एका रिकाम्या दुपारी बघाचदादाने ती डिस्क जोडली, आणि त्या दिवशी मला पलीकडून कात्रीचा आवाज आलाच नाही. संध्याकाळी तो माझ्या काउंटरपाशी आला. डोळे लाल.

"वहिनी, एक बेट आहे. बुडत चाललंय. तिथली शेवटची शाळा बंद करतात, आणि ती बाई जाण्याआधी फळा पुसते. नुसता फळा पुसते हो! आपण इथे एवढी वर्षं नुसते केस कापत बसलो."

तेव्हापासून गाणी बंद.

सलूनमध्ये समोरची सगळी भिंत आरशाची, आणि टीव्ही मागच्या भिंतीवर. खुर्चीत बसलेल्याला तो आरशात दिसायचा. चित्र उलटं दिसलं तरी चालतं. पण परभाषेतल्या माहितीपटाला खाली जी अक्षरं येतात तीही उलटी दिसायची. मग बघाचदादा मागे वळून वळून ती वाचून दाखवायचा. हातात वस्तरा, समोर कुणाचा तरी गळा, आणि हा मान वळवून मोठ्याने वाचतोय: "माझ्या मुलाला त्यांनी कुठे पुरलं, एवढंच मला सांगा." गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसायचं. "अरे बाबा, तिच्या मुलाचं राहू दे, माझ्याकडे बघ आधी!" असं ओरडलेलं मी भिंतीतून कितीदा ऐकलंय.

कुणाला काय सुचवायचं याचाही त्याचा हिशेब असायचा. वाटणीवरून भांडणाऱ्या भावांना एकाच घरात तीस वर्षं न बोलता राहिलेल्या दोन म्हाताऱ्या भावांचा. भाडेकरूंना हाकलायला निघालेल्या घरमालकाला पाडलेल्या वस्तीचा. एकदा चौकीवरचे साहेब दाढीला बसले असताना त्याने मुद्दाम, न केलेल्या खुनासाठी तुरुंगात म्हातारा झालेल्या माणसाचा लावला. "मारमारून माझ्याकडून कबूल करून घेतलं," त्याने खणखणीत आवाजात वाचलं.

"चॅनेल बदल," साहेब म्हणाले.

"साहेब, हे चॅनेल नाही. माहितीपट आहे. जगात गाजलेला."

साहेब अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठले आणि टॉवेलसकट रस्त्यावर आले. आठवडाभर सगळी गल्ली हसत होती. टॉवेल परत मागायला कोण जाणार म्हणून त्याने तो सोडून दिला.

अशी सगळी गंमत होती. तो बोलायचा, लोक हसायचे, कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्याची समजूत अशी की माणसं वाईट नसतात, त्यांना ठाऊक नसतं; एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस बदलतोच. मला ते कधी पटलं नाही, पण शेजारधर्म म्हणून मी मान हलवायचे.

त्याला सख्खं माणूस म्हणजे एक ताई. आई लवकर गेली, त्याला ताईनेच वाढवला. तिच्या लग्नात हा एवढासा होता. नवऱ्याच्या घरी जाताना ती भावालाही घेऊन गेली आणि दाजींनी हूं की चूं केलं नाही. पुढे सलूनसाठी खुर्ची आणली तीही दाजींनीच, खांद्यावरून. बघाचदादाने लग्न केलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा, दोन वेळचं जेवण ताईकडे. दुपारी ताई डबा घेऊन यायची तेव्हा माझ्याकडे टेकायची. "कशावर रडतोय आज?" विचारायची. मी सांगायचे, "आज वाळवंट आहे." ती हसायची.

दाजी दगड कापायचे. डोंगरातला दगड नव्हे. हल्ली स्वयंपाकघराच्या ओट्याला तो चकचकीत, कारखान्यात बनवलेला दगड बसवतात ना, तो. गावाबाहेर एका शेडमध्ये त्या लाद्या मापाने कापायच्या, बेसिनसाठी भोक पाडायचं, कडा घासायच्या. सुट्टीच्या दिवशी शेडमधले चार-पाच जण मिळून सलूनमध्ये यायचे. दाजी त्यांच्यात वडील. अंघोळ करून आलेले असले तरी कानामागे, भुवयांत पांढरी भुकटी असायचीच. बघाचदादा म्हणायचा, "दाजी, तुमच्या एका दाढीत माझा वस्तरा म्हातारा होतो." दाजी हसायचे आणि हसता हसता खोकायचे. खोकला जुना. घरात ताईला की पोरींना, कुणालाच तो ऐकू येत नसे, भिंतीवरच्या घड्याळासारखा.

मग एका दुपारी भिंतीतून करवतीचा आवाज आला. मी म्हटलं, दुकानात सुतारकाम काढलं की काय! करवत थांबली आणि एका माणसाचा श्वास ऐकू यायला लागला. नुसता श्वास. आत घेताना शिट्टी, बाहेर सोडताना घरघर. बराच वेळ. मग सलूनचं शटर अर्धं खाली आलं.

बघाचदादा माझ्याकडे आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"वहिनी, तोच दगड आहे. तेच मशीन. देश कुठला ते सोडा, शेडसुद्धा तशीच. ती भुकटी फुप्फुसात जाऊन बसते आणि निघतच नाही. तरुण पोरं आहेत हो त्यात, जिना चढता येत नाही."

"डॉक्टरला दाखव म्हणावं दाजींना."

"आधी हे दाखवतो. हे बघितल्यावर सांगावं लागणार नाही."

त्याने ताईला काही सांगितलं नाही. दाजींना मात्र गाठून म्हणाला, "एक माहितीपट आहे. तुमच्यासाठीच आहे. बघाच." दाजी म्हणाले, "कशावर?" याने सांगितलं. दाजी म्हणाले, "सहा दिवस तो दगड कापायचा आणि सातव्या दिवशी तोच बघायचा? तू काय मला पैसे देऊन बसवणार आहेस का?" आणि विषय संपला.

विषय त्याने संपू दिला नाही. पुढच्या सुट्टीला शेडमधले सगळे आले, दाजी खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड बांधलं, तोंडाला फेस लावला आणि मग याने तो माहितीपट सुरू केला. फेस लावलेला माणूस जाणार कुठे?

मी त्या दिवशी दुकान उघडलं होतं. सगळं ऐकलं. सुरुवातीला हसणं. "अरे, हा बघ, अगदी आपल्या जाड्यासारखा उभा राहतो!" "यांच्याकडे पाण्याची नळी आहे रे कटरला, भुकटी उडतच नाही. आपल्याकडे कुठे आहे?" "मालकाला सांग, परदेशी शेडमध्ये पंखापण असतो." मग हसणं कमी झालं. बघाचदादा एकेक ओळ वाचत होता. "डॉक्टर म्हणाले, तुझ्या छातीत आता दगड आहे." कुणीतरी म्हणालं, "थांब जरा, परत लाव ते." परत लावलं. पुन्हा तो श्वास. तेवढ्यात दाजींना खोकला लागला. एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता. त्या दिवशी खोकला थांबेपर्यंत सगळे गप्प राहिले.

"बंद कर," दाजी म्हणाले. त्याने बंद केला. शेवट राहिला.

पुढे जे झालं ते बघाचदादाला हवं होतं तसंच झालं, म्हणजे आधी. बघून माणसं बदलली. ते पाच जण दुसऱ्याच दिवशी मालकापुढे उभे राहिले. कटरला पाणी द्या, तोंडाला चांगले मास्क द्या, आमच्या छातीचे फोटो काढा. ही बातमी ऐकून बघाचदादा दुकानात नाचायचाच बाकी होता. "बघा वहिनी! एवढी वर्षं लोक मला हसले. एका माहितीपटाने काम केलं की नाही?"

मालक गोड माणूस. आवाज कधी चढवत नाही. त्याने कागदी मास्कचं खोकं आणलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि गाडीत घालून छातीचे फोटोही काढून आणले. पाचांपैकी तिघांच्या छातीत डाग निघाले. दाजींचे सगळ्यात दाट. मालकाने तिघांना बोलावून म्हटलं, "तुमच्या जिवापेक्षा काम मोठं नाही. तब्येत सांभाळा, घरी आराम करा." ते म्हणाले, भरपाई? मालक म्हणाला, "मी दिली असती हो, पण कागदोपत्री तुम्ही ठेकेदाराची माणसं. त्याच्याशी बोला." ठेकेदार म्हणाला, "माझ्याकडे आलात तेव्हाच खोकत होतात." महिन्याच्या आत शेडमध्ये तीन नवी पोरं कापायला लागली. कोरडंच. उरलेल्या दोघांनी पाण्याचं नाव काढलं नाही. मास्क तेवढे गळ्यात लटकवायला लागले.

ताई सलूनमध्ये आली तेव्हा डबा नव्हता हातात. गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याच्यादेखतच बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"ताई, आजार मी दिला का त्यांना?"

"आजार नाही दिलास. माहिती दिलीस. माणूस खोकत होता, पण कामाला जात होता. जेवत होता, पोरींची चेष्टा करत होता. आता सकाळपासून पलंगावर बसतो आणि स्वतःचा श्वास ऐकतो. मला विचारतो, शिट्टी वाजतेय का गं? त्या तुझ्या पिक्चरमधल्या माणसाची वाजत होती म्हणे."

"पण ताई, कळायला नको? आज ना उद्या..."

"उद्या कळलं असतं ना! तेवढे दिवस तरी पदरात पडले असते. ते तू घेतलेस."

पलीकडे कात्री पुन्हा चालू झाली. ताई चुकत होती हे मला कळत होतं, पण भिंतीवर थाप मारून तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि सांगून काय होणार होतं? बाईला दोष द्यायला माणूस हवं असतं, आणि मालक हाताशी नव्हता, भाऊ होता.

त्या दिवसापासून डबा बंद झाला. तो जायचा तिकडे, औषधं घेऊन, फळं घेऊन. ताई पिशवी दारातून घ्यायची आणि दार लोटायची.

दाजी मात्र एकदा स्वतः आले. रिक्षाने. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून खुर्चीत बसेपर्यंत त्यांना बोलता आलं नाही. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"दाढी करू?" बघाचदादाने विचारलं.

"आधी तो लाव."

"काय?"

"तोच. त्या दिवशी शेवट राहिला. मला शेवट बघायचाय."

मी मशीन बंद केलं. उगाच आवाज नको म्हणून.

"दाजी, ती डिस्क बिघडली."

"बिघडली?"

"हो, चालतच नाही."

मग दाजी म्हणाले, "निळा दिवा तर लागतोय तिचा."

"दिवा लागतो नुसता. आत काही नाही राहिलं."

"बरं. तू बघितलायस ना पुरा? मग सांग. काय होतं त्याचं?"

आयुष्यभर लोकांना खरं बघा, खरं बघा म्हणून सांगणारा हा माणूस. त्याचा आवाज मला ओळखूच आला नाही. म्हणाला, "बरा होतो तो. औषध मिळतं त्याला. वेळ लागतो, पण बरा होतो."

"असं?"

"हो. शेवटी घराबाहेर बागेत बसलेला दाखवलाय."

दाजी हसले. हसण्याचा खोकला झाला, तो पुष्कळ वेळ चालला. शमल्यावर म्हणाले, "सगळ्या गावाला सुचवत सुटतोस, आणि घरच्या माणसाला नाही म्हणतोस. बरं, कर दाढी. सावकाश कर. मान मागे टाकली की जीव घाबरतो."

त्याने सावकाश दाढी केली. पैसे घेतले नाहीत. दाजींनी ते काढलेही नव्हते. जाताना माझ्या दुकानापाशी थांबून ते म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्याला खोटं बोलता येत नाही हो, वहिनी. शिकवा जरा."

थंडी सुरू झाली आणि दाजी गेले. बघाचदादाने खांदा दिला, तेवढं ताईने करू दिलं. घरी परतल्यावर दार लागलं.

सलूनचं गिऱ्हाईक आधीच आटलं होतं. शेडमधलं कुणी येईना. मालकाने तसं काही सांगितलं नव्हतं, पण सांगावं कशाला लागतं? बाकीचे लोकही कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये जायला लागले. तिथे एसी आहे, आणि कुणी काही दाखवत नाही. एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "त्याच्याकडे बसलं की वाटतं, हा आता माझाही काहीतरी आजार शोधून काढणार." टीव्ही त्याने विकून टाकला. आता पलीकडून फक्त कात्री, तीही क्वचित.

गेल्या वर्षी दोन मुलं माझ्याकडे पत्रक घेऊन आली. मोठी गोड मुलं, खांद्याला झोळ्या. 'आयुष्यात एकदा तरी बघायलाच हवेत असे दहा माहितीपट', दर रविवारी एक, प्रवेश मोफत. मशीनमधून कागद निघायला लागले आणि मी पाहिलं: चौथ्या रविवारी तोच. पुढे लिहिलेलं, 'मन हेलावून टाकणारा, अंतर्मुख करणारा अनुभव.' मी एक प्रत बघाचदादाला दिली. द्यायला नको होती की काय, कोण जाणे. त्याने पूर्ण वाचली.

"यादी चांगली आहे," म्हणाला. "निवडणाऱ्याला कळतं."

"जाणार का?"

"जाऊ ना. शेवटाला लोक काय करतात ते बघतो."

परतला तेव्हा मी दुकान आवरत होते. सांगायला लागला. हॉल भरलेला होता. लोक खरोखर रडले. संपल्यावर चर्चा झाली. एक बाई म्हणाल्या, हा माहितीपट प्रत्येक कामगाराला दाखवायला हवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चहा होता. हॉलच्या मागे नवीन स्वयंपाकघर केलंय. कप ज्या ओट्यावर मांडले होते, तो त्याच दगडाचा. पांढरा, राखाडी रेघांचा. कड अशी गुळगुळीत की हात फिरवत राहावा.

"तू काही बोललास?"

"काय बोलू? चहा घेतला. चांगला होता."

ताई आता मालकाच्या शोरूममध्ये कामाला जाते. मुख्य रस्त्यावर मोठ्या काचेचं दुकान काढलंय त्याने. नमुन्याचे ओटे मांडलेत ओळीने, ते दिवसभर पुसायचे, बोटांचे ठसे राहू द्यायचे नाहीत. दाजी गेल्यावर मालक स्वतः घरी आला होता भेटायला, तेव्हाच त्याने हे काम देऊ केलं. धाकट्या पोरीच्या फीचंही बघतो म्हणाला, आणि बघितलंही. मध्ये ताई मला बाजारात भेटली. वाळली आहे, पण बरी आहे. म्हणाली, "माणूस चांगला आहे हो. अडीअडचणीला उभा राहिला. सख्ख्यांनी जे केलं, त्यापुढे परका बरा."

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हो म्हटलं.